नाटकाच्या संज्ञा पाठ आहेत, पण नाटकावर लिहिता येत नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. त्या एम. ए. मराठीला आहेत आणि त्यांना नाटकाचा पेपर आहे. नोट्समधल्या साठेक संज्ञा व्याख्यांसह त्यांना तोंडपाठ आहेत. तरी 'अमुक नाटकातील संघर्ष स्पष्ट करा' असा प्रश्न आला की हातून नाटकाची गोष्टच लिहिली जाते आणि मार्क जातात. गावाजवळ नाट्यगृह नसल्यामुळे रंगमंचावर एकही नाटक पाहिलेलं नाही. तर नाटकाच्या अभ्यासाचे पायाभूत शब्द नेमके कोणते, आणि ते कसे शिकायचे?

मी मराठवाड्यातल्या कॉलेजांत नाटक शिकवत आले आणि हौशी मंडळींबरोबर नाटकं बसवत आले. त्या अनुभवावरून उत्तर देते. थोडं लांबेल.

तुम्हाला शब्द कमी पडत नाहीयेत. साठ भरपूर झाले, त्यातले निम्मे तर आत्ता बाजूला ठेवले तरी चालतील. खरी अडचण अशी की प्रत्येक शब्दाला एक व्याख्या चिकटली आहे, पण एकाही शब्दाला नाटकातला प्रसंग चिकटलेला नाही. 'संघर्ष म्हणजे परस्परविरोधी शक्तींमधील ताण' हे वाक्य जगातल्या कुठल्याही नाटकाला लागू पडतं. त्यामुळे समोरच्या नाटकाबद्दल ते काहीच सांगत नाही. व्याख्या लिहून झाली की पुढे काय लिहायचं ते सुचत नाही, आणि पान भरायला गोष्ट धावून येते.

दुसरी अडचण नोट्सची आहे. नाटकाचे शब्द आपल्याकडे तीन घरांतून आले. नांदी, सूत्रधार, बीज, संधी, रस हे भरताच्या नाट्यशास्त्राच्या घरातले. शोकांतिका, विरेचन, उत्कर्षबिंदू हे अ‍ॅरिस्टॉटल आणि युरोपच्या घरातले, इंग्रजी पुस्तकांतून मराठीत आलेले. आणि विंग, एन्ट्री, ब्लॉकिंग, क्यू, पॉज हे तालमीच्या घरातले. झेरॉक्स नोट्समध्ये तिन्ही घरची भांडी एकाच मांडणीवर लावलेली असतात, आणि कुठलं कोणाचं यावर नाव घातलेलं नसतं. मग विद्यार्थी समकालीन वास्तववादी नाटकात 'पताका' (लांबवर चालणारं उपकथानक) आणि 'प्रकरी' (छोटं उपकथानक) शोधत बसतो. सापडत नाहीत, तेव्हा त्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही.

यातलं काय आधी शिकायचं हे तुमच्या गरजेवर आहे. छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, अभ्यासपत्रिका दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून आपल्या वर्षाची पत्रिका समोर ठेवा. नेट-सेट द्यायची असेल तर संस्कृत संज्ञांची नावं क्रमाने पाठ असावीच लागतात, तिथे माझा हा सगळा उपदेश निम्माच कामाचा आहे. युवक महोत्सवात एकांकिका बसवायची असेल तर तालमीचे शब्द आधी लागतील. तुम्ही मात्र नाटकावर लिहिता येत नाही असं म्हणताय, म्हणून मी वाचनाच्या शब्दांपासून सुरू करते.

पहिली जोडी कथा आणि कथानक. एवढी एक जोडी नीट कळली तर गोष्ट सांगत सुटण्याची सवय निम्मी जाते. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) घ्या. त्यातली कथा काय? लीला बेणारे नावाच्या शिक्षिकेचं आजवरचं आयुष्य, तिची प्रेमं, प्रा. दामलेशी आलेला संबंध, पोटातलं मूल. यात बरीच वर्षं आहेत. आणि कथानक? एका गावातल्या हॉलमध्ये मुंबईची हौशी नाटकमंडळी रात्रीच्या प्रयोगाआधी लवकर येऊन पोचतात आणि वेळ घालवायला लुटूपुटूचा खटला खेळतात. जे काही घडतं ते त्या हॉलमध्ये, काही तासांत. वर्षांची कथा नाटककाराने तासांत आणली, आणि तीही बेणारेच्या तोंडून सरळ न सांगता दुसऱ्यांच्या साक्षींतून तुकड्यातुकड्यांनी. आता स्वतःला विचारा: हे सगळं बेणारेच्या बालपणापासून क्रमाने दाखवलं असतं तर काय गमावलं असतं? या प्रश्नाचं जे उत्तर तुम्ही द्याल ते 'कथानकाची रचना' या प्रश्नाचं उत्तर. बेणारेची गोष्ट परीक्षकाला माहीतच आहे, ती त्याला पुन्हा नको असते.

याच नाटकात पूर्वसूचना कशाला म्हणतात तेही बघून घ्या. सुरुवातीलाच हॉलच्या दाराची कडी नीट नसल्याचं कळतं, बेणारेचं बोट त्यात सापडतं. आपण ते सहज वाचून पुढे जातो. पुढे ती निघून जायला बघते तेव्हा दार बाहेरून अडकलेलं असतं. म्हणजे सुरुवातीचा तो किरकोळ प्रसंग किरकोळ नव्हता. संहिता दुसऱ्यांदा वाचताना अशा जागा पेन्सिलने खुणावत चला. एका अंकात दोन-तीन सापडल्या तरी उत्तरात लिहायला ऐवज मिळतो.

आता संघर्ष. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात ढोबळ लिहिला जाणारा शब्द. आमच्या तालमीत नवी मुलं आली की पहिल्या वाचनाला विचारतात, "मॅडम, हे लोक नुसते बोलायलेत, भांडण कुठंय?" भांडण असलं की संघर्ष असतो असं नाही, आणि भांडण नसताना तो असू शकतो. एखाद्या पात्राला काहीतरी हवं आहे आणि ते मिळू न देणारं काहीतरी समोर उभं आहे, एवढं असलं की पुरे. समोर उभं असलेलं ते दुसरं माणूस असेल, समाज असेल किंवा त्या माणसाचाच स्वभाव असेल. म्हणून संघर्षावर लिहिताना आधी तीन गोष्टी कागदावर उतरवा: कोणाला काय हवंय, आड काय येतंय, आणि आत्ताच का.

हा शेवटचा 'आत्ताच का' बहुतेक जण विसरतात. राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला'तला सुधाकर हुशार, मानी वकील आहे, आणि तो तसा आधीपासूनच होता. नाटक सुरू होतं ते त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते तेव्हा. मानीपणाला ठेच बसली, हाताला काम नाही, आणि नेमका त्याच वेळी दारुडा तळीराम जवळ आहे. ही वेळ काढून घेतली तर उरतं ते फक्त दारूच्या दुष्परिणामांवरचं व्याख्यान. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. शंभरावर वर्षं झाली तरी ते अभ्यासाला लावलं जातं, यात दारूइतकाच सुधाकरच्या स्वभावाचा वाटा आहे असं माझं मत आहे.

आणि आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर नांदेडच्या दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' जरूर वाचा. आंबेडकरी चळवळीतल्या वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं त्यात समोरासमोर येतात: जुने काका, प्राध्यापक सतीश, तापट अर्जुन. यातला कोणी खलनायक नाही. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर वाटतो, आणि म्हणूनच ताण सुटत नाही. 'नायक-प्रतिनायक' ही जोडी सगळीकडे लावायची सवय असेल तर या नाटकापाशी ती अडखळते. ते अडखळणंच उत्तरात लिहा. 'इथे संघर्ष व्यक्तींचा कमी आणि मार्गांचा जास्त आहे' एवढं म्हणून पुढे एक प्रवेश उलगडून दाखवला की परीक्षकाला कळतं, पोरीने नाटक वाचलंय.

यापुढचे शब्द बोलण्याचे. संवाद, स्वगत, एकपात्री, नाट्यछटा यांची फार सरमिसळ होते. स्वगत म्हणजे नाटक चालू असताना पात्राचं स्वतःशी बोलणं, जे प्रेक्षकाला ऐकू येतं आणि बाकीच्या पात्रांना ऐकू येत नाही असं आपण मान्य करतो. बेणारेचं तिसऱ्या अंकातलं लांब बोलणं तसं आहे. ती बोलत असताना बाकीचे थिजलेले असतात, खटला तिचं ऐकतच नाही. एकपात्री हा अख्खा प्रयोगच एका नटाचा असतो. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच बावन्न पात्रं उभी करायचे. तिथे स्वगत जवळजवळ नाहीच, सगळा संवाद आहे, फक्त दोन्ही बाजू एकाच माणसाच्या अंगात. नाट्यछटेत उलट दुसऱ्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही, एकाच्या बोलण्यावरून ते आपण ताडायचं. दिवाकरांच्या नाट्यछटा दोन-दोन पानांच्या आहेत. एक आज रात्री मोठ्याने वाचून बघा.

मोठ्याने वाचा हे सगळ्याच संहितांना लागू आहे. मनात वाचताना डोळा रंगसूचनांवरून उडी मारतो, आणि नाटकाचा अर्धा ऐवज त्या कंसातल्या तिरप्या अक्षरांत असतो. कोण कुठे उभं आहे, कोण उत्तर न देता भाजी निवडत बसलंय, कुठे विराम आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर पडून आहे. त्याच्यावर कोणी मोठं भाषण करत नाही. पण विदर्भातल्या त्या देशपांड्यांच्या घराचं काय झालंय हे ट्रॅक्टर सतत सांगत राहतो. हे प्रतीक. आणि त्या घरातली माणसं खर्चाबद्दल बोलतात तेव्हा बोलणं खर्चाचं असतं, पण चाललेलं असतं वेगळंच: कोण गाव सोडून गेलं, कोण मागे राहून राबलं. शब्दांखालून वाहणाऱ्या या बोलण्याला तालमीत सगळे 'सबटेक्स्ट' म्हणतात. पुस्तकांत त्याला दोन-तीन मराठी प्रतिशब्द दिसतील, पण माझ्या पाहण्यात एकही रुळलेला नाही. उत्तरात 'संवादामागील अर्थ' लिहिलंत तरी परीक्षकाला कळेल.

तुम्ही म्हणता एकही नाटक पाहिलं नाही. मला ते पटत नाही. परभणी जिल्ह्यात राहून तुम्ही भारूड पाहिलं असणार, गोंधळ पाहिला असणार, जत्रेतला तमाशा लांबून का होईना पाहिला असणार, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं प्रहसन तर नक्कीच. ही नाटकाचीच घराणी आहेत, आणि 'रंगसंकेत' हा शब्द तिथे नाट्यगृहापेक्षा लवकर कळतो. रंगसंकेत म्हणजे प्रेक्षक आणि नट यांच्यातला न बोललेला करार. पैठणच्या एकनाथांचं 'विंचू चावला' घ्या. अंगाला मळकं फडकं गुंडाळलेला बाप्या ठणाणा बोंबलत येतो. विंचू कुठेच नाही, तरी आपण तो मान्य करतो. थोड्या वेळाने तोच माणूस सांगतो की हा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण. हे रूपक आहे हे कळूनही आपण मघाशी हसलेलो असतो, आणि ते हसू खोटं ठरत नाही. पाहणाऱ्याशी तो थेट बोलतो, मध्येच एखाद्या म्हाताऱ्याला नावाने हाक मारतो. म्हणजे पुस्तकात जिला 'चौथी भिंत' म्हणतात, ती तिथे मुळातच बांधलेली नाही. दिवाणखान्याच्या नाटकात ती असते: नट असं वागतात जणू प्रेक्षकाच्या बाजूलाही भिंत आहे आणि त्यांना कोणी बघत नाही.

तमाशाचे शब्दही याच कामाचे. आधी गण, मग गवळण, बतावणी (विनोदी सवाल-जवाब), शेवटी वग (मुख्य गोष्ट). गण गणपतीला, म्हणून नांदीशेजारी ठेवून बघता येतो. गवळणीतली मावशी आणि वगातला सोंगाड्या यांना गोष्टीत राहून गोष्टीबाहेरचं बोलायची मुभा असते. कालच्या ग्रामपंचायतीच्या सभेवर शेरा मारून तो पुन्हा राजाच्या दरबारात जाऊन उभा राहतो. जर्मन नाटककार ब्रेख्त प्रेक्षकाने वाहून न जाता विचार करत बघावं म्हणून अशाच युक्त्या वापरायचा, त्या तंत्राला मराठीत दुरावा किंवा दुरीकरण म्हणतात. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या एका नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला, तेव्हा हे दोन्ही संकेत एकाच रंगमंचावर आले. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) माणसांची रांगच पडदा होते, रांगेतलेच लोक कधी ब्राह्मण, कधी गावकरी, कधी भिंत. तिथेही करार तोच आहे. तुम्ही भारुडापासून सुरुवात केलीत तर या नाटकाचं 'वेगळेपण' तुम्हाला घोकावं लागणार नाही.

रंगमंचाचे शब्द पटकन सांगते, कारण ते पाहिल्यावर पाच मिनिटांत येतात. आपल्याकडची बहुतेक नाट्यगृहं कमानी रंगमंचाची: समोर चौकट, तिच्यात दर्शनी पडदा, दोन्ही बाजूंना विंगा, वर झालर, सगळ्यात मागे सायक्लोरामा, म्हणजे पार्श्वभूमीचा मोठा सपाट पडदा. डावी-उजवी नेहमी नटाची, प्रेक्षकाची नाही. प्रेक्षकांकडची बाजू डाऊन स्टेज, मागची अप स्टेज. युरोपात पूर्वी रंगमंचाला उतार असे आणि मागची बाजू खरोखरच उंच असे, त्यावरून ही नावं पडली. नटांच्या हालचाली आणि जागा ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग. पुढचं वाक्य किंवा दिवा ज्या खुणेवर येतो तो क्यू. हातात धरायच्या, वापरायच्या वस्तू म्हणजे प्रॉपर्टी. सगळ्या वेशभूषा, रंगभूषा, दिव्यांसह होते ती रंगीत तालीम. घरी एक गोष्ट करा. वहीत रंगमंचाचा चौकोन काढा आणि वाचत असलेल्या प्रवेशातली माणसं टिंबांनी त्यात ठेवा. कोण एन्ट्री घेतं, कोण कोणापासून दूर जातं, शेवटी एकटं कोण उरतं. मुलांना मी हे करायला लावते तेव्हा नाटक कागदावरून उठून उभं राहतं.

'नेपथ्य' या एका शब्दाला मात्र थांबा, कारण याने दरवर्षी मुलं पडतात. आजच्या मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य: अमुक' असं येतं तेव्हा अर्थ असतो रंगमंचावर उभी केलेली वास्तू, तिची रचना. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' म्हणजे पडद्याआडून, जिथे नट रंगून सजून तयार होतात तिथून. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीला प्रियंवदा आणि अनसूया फुलं वेचत असतात आणि नेपथ्यातून दुर्वासाचा आवाज येतो. ज्या शापाने पुढचं अख्खं नाटक फिरतं, तो शाप देणारा दुर्वास आपल्याला दिसत नाही. समोर दिसतात त्या दोन घाबरलेल्या मैत्रिणी. इथे नेपथ्याचा आजचा अर्थ घेतला तर वाक्याचं वाटोळं होतं. 'प्रकाश'चंही तसंच. संस्कृत संहितेत 'प्रकाश' म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं, आणि आज प्रकाशयोजना म्हणजे दिव्यांचं काम. स्वगत आणि प्रकाश यांच्या मधल्या दोन पायऱ्या म्हणजे जनांतिक आणि अपवारित. काही पात्रांना वगळून एखाद्याशी हळू बोलण्याचे हे संकेत आहेत. टीपा लिहा प्रश्नासाठी ते पाठ करा, आणि उदाहरणं शाकुंतलातूनच द्या.

नाट्यशास्त्राच्या घरातलं बाकीचं: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) हे अभिनयाचे चार प्रकार खरोखर कामाचे आहेत, कुठल्याही काळातल्या प्रयोगाला लागतात. वेशभूषा-रंगभूषेला भरताने अभिनयातच धरलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य या अर्थप्रकृती (कथानकाचे घटक) आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे संधी (कथानकाचे टप्पे) परीक्षेपुरते क्रमाने लिहिता आले म्हणजे झालं. संस्कृत नाटकाला आणि फार तर जुन्या संगीत नाटकाला ते लावा. तेंडुलकरांवर लादू नका. रसाबद्दल एवढंच की मूळ आठ, शांत नंतर मानला गेला. आणि 'या नाटकात करुण रस आहे' हे वाक्य लिहून थांबू नका, कुठल्या प्रवेशात कुठल्या क्षणी, ते लिहा.

युरोपच्या घरातून दोन गोष्टींवर थोडं थांबते. पहिली शोकांतिका. शेवटी कोणी मेलं की शोकांतिका, ही समजूत वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांतून येत राहते. अपघातात माणूस गेला तर ते दुःखद आहे. शोकांतिकेत पतनाची मुळं त्या माणसाच्या स्वतःच्या कृतीत असतात, आणि ती कृती त्याच्या स्वभावातून, कधी त्याच्या गुणांतूनच आलेली असते. अ‍ॅरिस्टॉटलने याला जो शब्द वापरला त्याला मराठीत प्रमाद म्हणतात. पाहून भीती आणि करुणा जागी होऊन मन मोकळं होतं, ते विरेचन. आता 'एकच प्याला' शोकांतिका की अतिनाट्य (मेलोड्रामा), यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. सुधाकरचा मानीपणा धरला तर शोकांतिका. त्याची बायको सिंधू हिच्यावर कोसळणाऱ्या दुःखांचे थर, टोकाचा पश्चात्ताप, जोरकस भाषणं धरली तर अतिनाट्य. परीक्षेत बाजू कुठलीही घ्या, कारण संहितेतून द्या. माझी स्वतःची बाजू पहिली, पण शेवटच्या अंकात ती थोडी डळमळते.

दुसरी गोष्ट नाट्यात्म उपरोध. टोमणा मारणं वेगळं, आणि हे वेगळं. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असतं, त्यामुळे त्याच वाक्याचा दोघांना वेगळा अर्थ लागतो. पहिला प्याला 'एकच' म्हणून पुढे येतो. नाव वाचून तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला तेव्हाच ठाऊक असतं की तो एक राहणार नाही. रंगमंचावर सुधाकर एक प्याला उचलतो, प्रेक्षागृहात लोक पुढचे सगळे मोजत असतात.

आरंभ, चढ, उत्कर्षबिंदू, उतार, शेवट असा जो डोंगर नोट्समध्ये काढलेला असतो, तो गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये ग्रीक आणि शेक्सपिअरच्या नाटकांवरून मांडला. पाच अंकी नाटकाला तो बरा बसतो. तीन अंकी, दोन अंकी नाटकाला ओढून बसवू नका.

आता तुमच्या मूळ दुखण्यावर येते. संघर्षाचं उत्तर तुम्ही बहुधा असं लिहीत असाल: "बेणारेवर खोटा खटला भरला जातो. काशीकर न्यायाधीश होतात. सुखात्मे तिला प्रश्न विचारतात. ती चिडते. अशा प्रकारे नाटकात संघर्ष दिसून येतो." यात एकही वाक्य चुकीचं नाही, आणि मार्क मिळावा असंही एकही नाही. याच मजकुरावर मी असं लिहीन: "खटला लुटूपुटूचा आहे तोवर बेणारे खेळात सामील असते, थट्टाही करते. साक्षी तिच्या खऱ्या आयुष्याला भिडू लागतात तसा खेळ आणि खटला यांतला फरक पुसत जातो. बाकीचे 'हा खेळच आहे' या आडोशाने बोलत राहतात. तिला मात्र खेळ म्हणून हसता येत नाही आणि खरं म्हणून उत्तरही देता येत नाही. ज्याच्याशी तिचा झगडा असायला हवा तो दामले रंगमंचावर कधीच येत नाही, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते न्यायाला बसतात. या संघर्षात प्रतिपक्षाची जागाच रिकामी आहे." बघा, 'संघर्ष' हा शब्द एकदाच आला, व्याख्या आलीच नाही. दामलेची गैरहजेरी तुम्हालाही माहीत होती. ती संघर्षाशी जोडायची आहे हे फक्त सुचलं नव्हतं.

तेव्हा असं करा. अभ्यासक्रमातलं एक नाटक घ्या, त्याचाही एकच अंक. वहीच्या डाव्या पानावर प्रसंग, उजव्या पानावर शब्द. कथानक, पूर्वसूचना, संघर्ष, रंगसूचना, स्वगत, रंगसंकेत, प्रतीक, नाट्यात्म उपरोध: सुरुवातीला एवढेच. ज्या शब्दासमोर प्रसंग सापडणार नाही तो त्या नाटकापुरता रिकामा सोडा, बळेच भरू नका. एक अंक असा झाला की दुसऱ्याला निम्मा वेळ लागतो. बाकीच्या पन्नासेक संज्ञा परीक्षेआधीच्या आठवड्यात पाठ करायला ठेवा.

आणि प्रत्यक्ष नाटक बघाच. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, मराठवाड्यातही केंद्रं असतात, तिकीट अगदी थोडक्यात असतं. नाटकं कधी चांगली निघतात, कधी फसतात. अभ्यासाला फसलेलं नाटकही चालतं, कारण क्यू चुकला की क्यू म्हणजे काय ते कायमचं कळतं. पहिल्या रांगेत बसू नका, तिथून फक्त चेहरे दिसतात. मधल्या रांगेतून सगळी रचना दिसते. शक्य असेल तर विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एक दिवस काढा, तिथे एकांकिका, मूकाभिनय, प्रहसन, भारूड सगळं एका आवारात बघायला मिळतं. आणि जमलं तर कोणाच्या तरी बॅकस्टेजला उभं राहायची परवानगी मागा. मुलं आनंदाने देतात, प्रॉपर्टी सांभाळायला माणूस त्यांना नेहमीच कमी पडतो.

तुमच्या पत्रिकेत कुठलं नाटक आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, आणि त्यातल्या कुठल्या प्रवेशापाशी अडलात तेही. मग त्या प्रवेशाबद्दलच बोलू.